वर्षभरात समग्र शेक्सपिअर: क्रम, वेळापत्रक आणि गाडी अडते त्या जागा

समग्र शेक्सपिअर वाचायला घेतलेल्या पुष्कळांची गाडी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अडते. तिथून सुटलेच तर 'हेन्री द सिक्स्थ'च्या पहिल्या भागात अडतात. कारणं ठरलेली आहेत. जाडजूड एकखंडी पुस्तक पहिल्या पानापासून सुरू केलेलं असतं, रोजचा वाटा पानांवर मोजलेला असतो, आणि एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचायचं असं मनाशी ठरलेलं असतं. या तीन गोष्टी टाळल्या तर बेताचं इंग्रजी येणाऱ्या आणि नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसाला हे वाचन बारा महिन्यांत जमतं. रोज एक तास मात्र लागतो. वीस मिनिटांत हे होणार नाही.

## १. आधी हिशेब

१६२३ च्या पहिल्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या मोठ्या एकत्रित ग्रंथात, ३६ नाटकं आहेत. त्यात 'पेरिक्लीज' धरलं की ३७ आणि जॉन फ्लेचर या नाटककाराबरोबर लिहिलेलं 'द टू नोबल किन्समेन' धरलं की ३८. शिवाय १५४ सुनीतं, 'व्हीनस अँड अडोनिस' आणि 'द रेप ऑफ लुक्रीस' ही दोन दीर्घकाव्यं, आणि काही किरकोळ कविता.

सरासरी नाटक तीन हजार ओळींचं, म्हणजे एक अंक सहाशे ओळींच्या आसपास. रंगभूमीच्या गतीनं तासाला नऊशे ते हजार ओळी होतात. टिपा बघत पहिल्यांदा वाचताना ही गती निम्म्यावर येते, म्हणून एका अंकाला तास ते सव्वा तास धरा.

बावन्न आठवड्यांची वाटणी अशी:

- ३८ नाटकांना प्रत्येकी एक आठवडा: ३८
- 'हॅम्लेट', 'ट्रॉयलस अँड क्रेसिडा', 'किंग लिअर' आणि 'अँटनी अँड क्लिओपात्रा' यांना एकेक आठवडा जादा: ४
- दीर्घकाव्यं: २
- मोकळे आठवडे: ८

सुनीतं वेगळी काढायची नाहीत. दर रविवारी तीन वाचली की एक्कावन्न आठवड्यांत १५३ होतात आणि शेवटच्या आठवड्याला एकच उरतं. १५४ सुनीतं एका बैठकीत वाचणाऱ्याला विसाव्या सुनीतानंतर काहीच उमगत नाही.

तपासा: कॅलेंडरवर आठही मोकळे आठवडे आत्ताच लिहिलेत का? गणपती, दिवाळी, मुलांच्या परीक्षा, मार्चअखेर यांच्याशी जुळतील असे ते पुढंमागं सरकवा. मात्र दोन मोकळे आठवडे लागोपाठ ठेवू नका. पंधरा दिवस पुस्तक मिटलेलं राहिलं की ते उघडणं जड जातं.

## २. आवृत्ती निवडणे

एकखंडी स्वस्त 'कम्प्लीट वर्क्स' दिसायला सोयीचं असतं. दोन रकान्यांत बारीक टाइप, टिपा नाहीत, आणि प्रवासात नेता येत नाही इतकं वजन. असं पुस्तक घरात असेल तर राहू द्या, पण वाचन त्यावर करू नका.

रोजच्या वाचनाला फोल्जर आवृत्ती सर्वांत सोपी. डाव्या पानावर अर्थ, उजव्या पानावर संहिता. फोल्जर शेक्सपिअर लायब्ररीच्या संकेतस्थळावर संहिता मोफत मिळते, पण छापील पुस्तकातल्या समोरासमोरच्या टिपा तिथं तशा मिळत नाहीत. आर्डन आवृत्तीत टिपा पानाच्या तळाशी असतात, कधी अर्धं पान खातात. ती सगळ्या नाटकांसाठी घेऊ नका. दोन आठवड्यांच्या चार नाटकांपुरती ग्रंथालयातून आणा.

प्रस्तावना नाटकानंतर वाचायची. आर्डनच्या प्रस्तावना शंभर पानांच्या पुढं जातात आणि त्या नाटक वाचलेल्यांसाठीच लिहिलेल्या असतात. प्रस्तावनेतच आठवडा संपवून नाटक राहून जाणं ही फार नेहमीची गफलत आहे, आणि ती अभ्यासू माणसं जास्त करतात.

आधुनिक इंग्रजीतला अनुवाद समोर छापलेली पुस्तकं जपून वापरा. डोळा तिसऱ्या पानापासून फक्त सोप्या बाजूवरच फिरायला लागतो. अडलेल्या वाक्यापुरतं तिकडं बघा आणि परत या.

इशारा: रद्दीतून किंवा फूटपाथवरून घेतलेल्या जुन्या शालेय आवृत्त्यांत 'असभ्य' वाटलेल्या ओळी अनेकदा गाळलेल्या असतात. 'मॅकबेथ' २.३ (दुसरा अंक, तिसरा प्रवेश) मधला दारवानाचा प्रवेश आणि 'रोमिओ अँड ज्यूलिएट' २.१ मधलं मर्क्युशिओचं बोलणं पूर्ण आहे का, ते संपूर्ण संहितेशी ताडून बघा. नसेल तर पुस्तक परत ठेवा.

तपासा: 'हॅम्लेट' ४.४ मधलं 'हाउ ऑल ऑकेजन्स' हे स्वगत दुसऱ्या क्वार्टोत (एकेका नाटकाची सुटी, लहान आकाराची जुनी छापील प्रत) आहे, फोलिओत नाही. 'लिअर' ३.६ मधला वेडाच्या भरातला खटला १६०८ च्या क्वार्टोत आहे, फोलिओत नाही. तुमची प्रत कशावर बेतली आहे ते एवढ्यावरून कळतं. ऐकताना एखादा उतारा सापडला नाही तर पहिला संशय इथंच घ्या.

## ३. सामान

एक दोनशे पानी वही, पेन्सिल आणि जाड कागदाचे तुकडे. संदर्भ अंक.प्रवेश.ओळ असा लिहा: ३.२.७४. गद्य भागात ओळींचे आकडे आवृत्तीनुसार बदलतात, म्हणून आकड्यासोबत वाक्याचे पहिले दोन शब्दही टिपा.

ऐकण्यासाठी आर्केंजल मालिकेत ३८ नाटकांची पूर्ण संचातली श्राव्य मुद्रणं आहेत. बघण्यासाठी बीबीसीनं १९७८ ते १९८५ मध्ये केलेली ३७ नाटकं. काही सपक आहेत, पण 'पेरिक्लीज'सारखं नाटक एरवी बघायला कुठं मिळणार?

मराठीतल्या पुस्तकांबाबत एक फरक लक्षात ठेवा. विंदा करंदीकरांचा 'राजा लिअर' हा अनुवाद आहे. मूळ अडलं तर तो शेजारी ठेवून वाचता येतो. देवलांचा 'झुंझारराव' ('ऑथेल्लो') आणि आगरकरांचं 'विकारविलसित' ('हॅम्लेट') ही रूपांतरं आहेत, तिथं नावं, स्थळं, रीतीभाती बदलल्या आहेत. 'नटसम्राट' तर स्वतंत्र नाटक आहे. रूपांतरं मूळ नाटक झाल्यावर, मोकळ्या आठवड्यात वाचा. आधी वाचलीत तर डोक्यात ऑथेल्लोच्या जागी झुंझारराव उभा राहतो आणि पुढं पाच अंक हलत नाही.

चार्ल्स आणि मेरी लँब या भावंडांनी मुलांसाठी नाटकांच्या गोष्टी लिहिल्या, त्यांवर विसंबू नका. त्यात वीसच नाटकं आहेत, इंग्लंडच्या राजांची एकही नाही, आणि 'ज्यूलिअस सीझर'ही नाही.

## ४. एका आठवड्याचा साचा

१. सोमवार: पात्रांची यादी वहीत उतरवा, नात्यांसकट. कथासार वाचा. शेवट आधी कळल्यानं काही बिघडत नाही, त्या काळच्या प्रेक्षकांनाही बऱ्याच गोष्टी ठाऊक असत. मग पहिला अंक, पूर्ण, मोठ्यानं.

२. मंगळवार ते शुक्रवार: रोज एक अंक. पहिल्या वाचनात शब्द अडला तर पेन्सिलीची बारीक खूण आणि पुढं. वाक्यच अडलं तर टीप. एका अंकात दहा-बाराहून जास्त वेळा टिपा बघत असाल तर थांबा, तेवढा प्रवेश आधी ऐका आणि मग वाचा.

३. शनिवार: सगळं नाटक ऐका. पुस्तक उघडं ठेवून. बसणं शक्य नसेल तर निदान तिसरा आणि पाचवा अंक.

४. रविवार: खूण केलेला एकच प्रवेश सावकाश परत, तीन सुनीतं, आणि वहीत अर्धं पान.

अर्ध्या पानात चारच गोष्टी लिहा: पहिल्या प्रवेशात कुणाला काय हवं आहे, नाटक कोणत्या प्रवेशात वळतं, एक उतारा, तीन शब्द. यापेक्षा जास्त लिहायला घेतलंत तर दहाव्या आठवड्यात वही बंद पडेल.

अंकांची लांबी सारखी नसते. 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट'चा ५.२ हा एकच प्रवेश नऊशे ओळींच्या वर आहे. तो दोन दिवसांत तोडा. म्हणून सोमवारीच पाचही अंक चाळून कुठं तोडायचं ते ठरवा.

तपासा: प्रत्येक प्रवेश सुरू करताना विचारा, आत्ता रंगमंचावर कोण आहे आणि कोण गप्प आहे? कागदाच्या तुकड्यांवर पात्रांची नावं लिहून टेबलावर मांडा, पात्र गेलं की तुकडा उचला. 'हॅम्लेट' १.२ मध्ये राजपुत्र साठेक ओळी एक शब्द बोलत नाही आणि तरी दरबारभर त्याचंच सावट असतं. नुसत्या छापील ओळी वाचणाऱ्याला तो तिथं आहे हेच कळत नाही. 'मेजर फॉर मेजर'च्या शेवटी ड्यूक लग्नाची मागणी घालतो आणि इझाबेला काहीच उत्तर देत नाही. तेही असंच निसटतं.

## ५. भाषा: कुठं फसायला होतं

अवघड शब्दांनी फारसं बिघडत नाही, ते अडतात आणि आपण टीप बघतो. फसवतात ते ओळखीचे वाटणारे शब्द:

- व्हेअरफोर: का, कशासाठी. ज्यूलिएट रोमिओला शोधत नाही, 'तू रोमिओच का?' असं विचारते
- प्रेझेंटली: लगेच
- स्टिल: नेहमी, सतत
- फॉन्ड: खुळा
- लेट: काही ठिकाणी 'अडवणं', आजच्या अर्थाच्या नेमकं उलट
- ओ (owe): मालकीचं असणं
- ब्रेव्ह: देखणा, झकास
- ऑनेस्ट: बाईबद्दल असेल तर शीलवान. 'ऑथेल्लो'त हा शब्द सारखा येतो आणि दर वेळी कुणाबद्दल ते बघावं लागतं

ही यादी वहीच्या आतल्या कव्हरवर लिहा.

'दाऊ' आणि 'यू' यांचं तू-तुम्हीशी जुळतं, आणि इथं मराठी वाचकाचं काम हलकं होतं. माणूस 'यू'वरून 'दाऊ'वर आला की जवळीक, राग किंवा अपमान यातलं काहीतरी झालेलं असतं. 'ट्वेल्फ्थ नाइट' ३.२ मध्ये सर टोबी अँड्र्यूला सांगतो की आव्हानपत्रात समोरच्याला दोन-तीनदा 'दाऊ' म्हण, चालेल. अरेतुरे करून डिवचायचं, दुसरं काय.

पद्यात ओळीची सुरुवात मोठ्या अक्षरानं होते आणि उजवी कड वेडीवाकडी असते. गद्य समासापासून समासापर्यंत भरलेलं असतं. पद्याची ओळ साधारण दहा अवयवांची (सिलेबल्सची), दर दुसऱ्यावर आघात. आपल्या वृत्तांसारखे लघु-गुरू मोजायला जाऊ नका, इथं हिशेब आघाताचा आहे. ओळीच्या शेवटी थांबू नका, विरामचिन्हाशी थांबा. अर्थ लागत नसलेल्या निम्म्या जागा एवढ्यानंच सुटतात.

सराव: 'ज्यूलिअस सीझर' ३.२. ब्रूटस गद्यात बोलतो, अँटनी पद्यात. दोन्ही भाषणं मोठ्यानं, लागोपाठ वाचा.

## ६. क्रम

फोलिओची सुरुवात 'द टेम्पेस्ट'नं होते, म्हणजे उतारवयातल्या नाटकानं. लेखनकालानुसार जावं तर आरंभीच 'हेन्री द सिक्स्थ'चे तीन भाग अंगावर येतात. दोन्ही क्रम पहिल्या वाचनाला निरुपयोगी.

पहिला टप्पा, आठवडे १ ते ९. अ मिडसमर नाइट्स ड्रीम, ज्यूलिअस सीझर, रोमिओ अँड ज्यूलिएट, द मर्चंट ऑफ व्हेनिस, द कॉमेडी ऑफ एरर्स, मोकळा, ट्वेल्फ्थ नाइट, मच अडू अबाउट नथिंग, मॅकबेथ. 'सीझर'ची भाषा सगळ्यांत उघडी आहे, 'एरर्स' सगळ्यांत लहान, आणि 'मॅकबेथ' शोकांतिकांत लहान. 'हॅम्लेट' इथं आणायचा मोह आवरा.

दुसरा टप्पा, आठवडे १० ते १५. रिचर्ड द सेकंड, हेन्री द फोर्थ भाग १ व २, हेन्री द फिफ्थ, द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर, मोकळा. 'हेन्री द फोर्थ'मधला विनोदी सरदार फॉल्स्टाफ 'हेन्री द फिफ्थ' २.३ मध्ये मेल्याचं कळतं आणि पुढच्या आठवड्यात 'मेरी वाइव्ह्ज'मध्ये जिवंत असतो. कालक्रम जुळवत बसू नका, ती वेगळी गंमत आहे.

तिसरा टप्पा, आठवडे १६ ते २२. द टू जंटलमेन ऑफ व्हेरोना, द टेमिंग ऑफ द श्रू, लव्ह्ज लेबर्स लॉस्ट, टायटस अँड्रॉनिकस, दोन आठवडे दीर्घकाव्यं, मोकळा. ही सुरुवातीची नाटकं आहेत. काही कच्ची वाटतील, ती तशी आहेतच. 'टायटस'मध्ये हात तोडणं, जीभ छाटणं, बलात्कार हे सगळं आहे. झोपण्यापूर्वी वाचू नका.

चौथा टप्पा, आठवडे २३ ते २८. हेन्री द सिक्स्थ भाग १, २, ३, रिचर्ड द थर्ड, किंग जॉन, मोकळा.

इथं माणसं गळतात, आणि त्याचं मूळ नावांत आहे. पात्रं नावानं नव्हे, सरदारकीच्या किताबानं ओळखली जातात, आणि किताब वारशानं पुढं सरकतो. 'रिचर्ड द सेकंड'मधला यॉर्क म्हणजे एडमंड, 'हेन्री द सिक्स्थ'मधला यॉर्क म्हणजे रिचर्ड प्लँटाजनेट. ग्लॉस्टर आधी हम्फ्री असतो, नंतर तोच किताब पुढं तिसरा रिचर्ड होणाऱ्याकडे जातो. 'हेन्री द सिक्स्थ'च्या पहिल्या भागातला वॉरिक आणि पुढच्या भागांतला राजे बसवणारा-उठवणारा वॉरिक इतिहासात दोन वेगळी माणसं आहेत. उलट बोलिंगब्रोक, हेरफर्ड आणि चौथा हेन्री हा एकच माणूस.

उपाय: दुसरा टप्पा सुरू करण्याआधी वहीच्या मधल्या जोडपानावर तिसऱ्या एडवर्डच्या मुलांचा वंशवृक्ष काढा. काळा राजपुत्र एडवर्ड, क्लॅरेन्सचा लायनल, लँकेस्टरचा जॉन ऑफ गाँट, यॉर्कचा एडमंड, ग्लॉस्टरचा थॉमस. लँकेस्टरची फांदी लाल शाईनं, यॉर्कची निळ्या. प्रत्येक किताबाखाली नाटक आणि खरं नाव लिहा. तासाभराचं काम आहे, पण ते न करता आठ नाटकं वाचणं म्हणजे आडनाव नसलेल्या गावात पत्ता शोधणं.

'हेन्री द सिक्स्थ'च्या तिसऱ्या भागात लढायांची रीघ आहे. ३.२ मधलं रिचर्डचं लांबलचक स्वगत धरून ठेवा, पुढच्या आठवड्याचं नाटक तिथूनच सुरू होतं. 'रिचर्ड द थर्ड' लांब आहे, शनिवारी तास जास्त ठेवा.

पाचवा टप्पा, आठवडे २९ ते ४१. अ‍ॅज यू लाइक इट, हॅम्लेट (दोन), मोकळा, ऑथेल्लो, मेजर फॉर मेजर, ऑल्स वेल दॅट एंड्स वेल, ट्रॉयलस अँड क्रेसिडा (दोन), किंग लिअर (दोन), मोकळा, टिमन ऑफ अथेन्स. 'हॅम्लेट' चार हजार ओळींच्या घरात आहे. पहिल्या आठवड्यात नुसतं नाटक, दुसऱ्यात टिपा, प्रस्तावना आणि ऐकणं. 'लिअर'नंतरचा आठवडा मोकळा सोडा, तो भरू नका.

सहावा टप्पा, आठवडे ४२ ते ५२. अँटनी अँड क्लिओपात्रा (दोन), कोरिओलेनस, मोकळा, पेरिक्लीज, सिंबेलिन, द विंटर्स टेल, द टेम्पेस्ट, हेन्री द एट्थ, द टू नोबल किन्समेन, मोकळा. 'अँटनी'त बेचाळीस प्रवेश आहेत, काही चार-पाच ओळींचे. इथं अंकांवर न जाता रोज आठ-नऊ प्रवेश घ्या. रोम की अलेक्झांड्रिया, एवढं समासात लिहीत चला.

## ७. भरभर गेलात तरी चालेल अशा जागा

प्रत्येक ओळ सारख्याच लक्षानं वाचायची सक्ती पहिल्या वर्षी नको.

- 'हेन्री द फिफ्थ' १.२: आर्चबिशपचं सॅलिक कायद्यावरचं भाषण. निष्कर्ष तेवढा घ्या
- 'हेन्री द फिफ्थ' ३.४: जवळजवळ सगळा फ्रेंचमध्ये. इंग्रजी शब्दांची शिकवणी चालली आहे एवढं पुरे, मग ऐका
- 'मेरी वाइव्ह्ज' ४.१: लॅटिनचा धडा
- 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट'मधला होलोफर्निस: पंडिती विनोद, टिपांतही मजा येत नाही
- 'पेरिक्लीज'चे पहिले दोन अंक: हे बहुधा जॉर्ज विल्किन्स या सहलेखकाचे. खरी पकड तिसऱ्या अंकातल्या वादळापासून

'ट्रॉयलस' १.३ मधलं युलिसीसचं भाषण मात्र कितीही लांब असलं तरी टाळू नका.

## ८. मागं पडलात तर

१. दुप्पट वाचू नका. एका आठवड्यात दोन नाटकं घेतली की दोन्हींची पात्रं एकमेकांत मिसळतात.

२. चार दिवसांपर्यंत खाडा: शनिवार-रविवारचं ऐकणं सोडा, अंक पुरे करा.

३. आठवडाभर खाडा: पुढचा मोकळा आठवडा आत्ताच वापरा.

४. मोकळे आठवडे संपले: दीर्घकाव्यं राहिली असतील तर ती वर्षाबाहेर काढा, मग 'टू नोबल किन्समेन'. राजांच्या मालिकेतलं मधलंच नाटक कधीही गाळू नका, पुढची सगळी ढासळतात.

५. नाटक आवडत नाही: तिसऱ्या अंकाच्या शेवटापर्यंत जा. तिथंही नाही आवडलं तर उरलेले दोन अंक फक्त ऐका आणि पुढच्या सोमवारी पुढचं नाटक घ्या.

इशारा: चित्रपट बघून नाटक झालं असं धरू नका. ऑलिव्हिएच्या १९४८ च्या 'हॅम्लेट'मध्ये रोझेनक्रांट्झ, गिल्डनस्टर्न आणि फोर्टिनब्रास नाहीतच.

## ९. शेवटचे दोन आठवडे

'टू नोबल किन्समेन' जुन्या एकखंडी पुस्तकांत बहुधा नसतं. ते चाळिसाव्या आठवड्यातच मिळवून ठेवा, नाहीतर डिसेंबरात शोधाशोध होते. ५२ वा आठवडा मोकळा उरला असेल तर शेक्सपिअरचा हात असल्याचं मानलं जाणारं 'एडवर्ड द थर्ड' घ्या. वेळ तितकाही नसेल तर 'सर टॉमस मोर' या नाटकाच्या हस्तलिखितातली 'हँड डी' म्हणून ओळखली जाणारी, शेक्सपिअरच्या हातची मानली जाणारी तीन पानं वाचा. परक्यांना हाकला म्हणणाऱ्या जमावापुढं मोर बोलतो, तोच हा भाग. ओळी १४७ आहेत, अर्धा तास पुरतो.